कॅरियरवरचा हात

अण्णा, मला सायकल यायला लागली. अगदी सफाईने नाही, पण येते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही बातमी ऐकून तुम्ही काय केलं असतंत ते मला पक्कं माहीत आहे. कपाळाला हात लावला असतात. "या वयात? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणत नाहीत, अण्णा. लोक एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्या हातातला मोबाइल बघत निघून जातात.

तो मे महिना मला अजून लख्ख दिसतो. आंबा उतरवून झालाय, तुम्ही ऑफिसातून लवकर येऊन आम्हा दोघा भावंडांना वरच्या सड्यावर नेताय. आपल्या चढउताराच्या गावात सपाट जागा तेवढी एकच. कातळ असा तापलेला की चपलेतून चटके बसतायत, आणि ती कोणाकडून तरी आणलेली जुनी काळी सायकल. धाकट्याला तुम्ही बसवलंत, थोडं धावलात आणि दिलंत सोडून. तो सरळ जाऊन दगडी गडग्यावर आदळला, गुडघा सोलवटला. आणि तुम्ही हसत होतात! "पडल्याशिवाय कळत नाही रे. ऊठ, बस परत." दोन संध्याकाळी पडला, तिसऱ्या दिवशी सुसाट सुटला. मग माझी पाळी. तुम्ही कॅरियर घट्ट धरून मागून धावताय, मी ओरडतेय, "अण्णा, धरलंत ना?" तुम्ही म्हणताय, "धरलंय गो बाय, धरलंय." जगातले सगळे बाप हे वाक्य खोटं बोलतात. धरलंय म्हणतात आणि हळूच सोडून देतात. तुम्ही मेलं खरं बोलत होतात! दमलात की सायकल थांबवायचात, मी उतरायचे, आणि आपण घरी यायचो. एकदा मी म्हटलं, सोडा ना हो, पडले तर पडले. तुम्ही डोळे वटारलेत. "हातपाय मोडून बसलीस तर करून कोण घेईल तुला?" शाळा सुरू झाली आणि सायकल धाकट्याची झाली.

एवढंच असतं तर मी विसरलेही असते. पण बारावीनंतर ती बालवाड्यांची नोकरी आली होती, आठवतंय? पावस गावाच्या बाजूला वाड्यावाड्यांतून फिरायचं, मुलांना शिकवणाऱ्या बायकांना मदत करायची, सायकल संस्थाच देणार. मुलाखत घेणाऱ्या बाई माझी उत्तरं ऐकून खूश दिसत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "सायकल येते ना?" मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून तुमचा आवाज आला, "छे हो, तिला कुठली येत्ये! भित्री आहे ती." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं, संपलं. बाहेर आल्यावर तुम्ही मला उसाचा रस पाजलात, आणि मी तो प्यायले. भित्री मी नव्हते, अण्णा. भित्रे तुम्ही होतात. तुमची ती भीती तुम्ही माझ्या नावावर करून दिलीत, आणि बाग धाकट्याच्या. तुमच्या तेराव्याला जो तो मला सांगत होता, तळहातावरच्या फोडासारखं जपलं गो तुला त्यांनी. जपलंत, नाही कोण म्हणतंय! फोडाला कुठे जायचं असतं?

मग लग्न झालं, सासर इथेच रत्नागिरीत, आणि जन्म गेला कोणाच्या ना कोणाच्या मागच्या सीटवर. भाट्याला समुद्रावर जाऊन यावंसं वाटलं तरी घरात कोणाला वेळ आहे का, हे आधी विचारायचं. गेल्या दिवाळीनंतर याच गोष्टीवरून मी चिडचिड केली, तर लेकीने पडवीत पडलेली तिची सायकल पुसून माझ्यासमोर उभी केली. सीट खाली केली, पेडलं चक्क काढून टाकली. शाळेच्या मैदानात नेऊन म्हणाली, "आता नुसती पायाने ढकलत जा. चाकाकडे नको बघू, लांब बघ." लहान पोरासारखी मी पाय मारत फिरत होते. तोल सापडल्यावर तिने पेडलं परत बसवली आणि हाताची घडी घालून लांब जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, "मागून जरा धर गो." "नाही धरणार." असा संताप आला मला त्या कार्टीचा! त्या संतापातच पेडल मारलं, चार हात गेले आणि तांबड्या खडीत धाडकन पडले. पन्नाशी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. कोपर सोलवटलं, थोडं रक्त आलं. मी तिथेच बसून त्या कोपराकडे बघत राहिले. एवढंच? एवढ्यासाठी? मला रडू फुटलं आणि लेक धावत आली, तिला वाटलं फार लागलं.

आता उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र दाबता येतात, भाट्याच्या पुलावर वारा आडवा आला तरी हँडल हलत नाही. अडत होतं ते पुलापलीकडच्या वळणावर. समुद्राकडे जायला उजवीकडे वळायचं, म्हणजे आधी मागे बघायला हवं. मी मान वळवली की सायकल भेलकांडायची. लेक म्हणायची, खांदे सैल सोड. तिला काय ठाऊक, सड्यावर मी मागे बघितलं की तुम्ही लगेच सायकल थांबवायचात. "मागे बघू नको, पडशील." म्हणून मी वळणाआधी उतरायचे आणि हातात सायकल धरून, खालमानेने रस्ता ओलांडायचे. परवा नाही उतरले. मान वळवली, बस बरीच लांब होती, हात दाखवला आणि वळले. एकटी. सुरूच्या झाडाखाली बसून घरून नेलेला चहा प्यायले. आनंद झालाच, पण त्याच्या आधी तुमच्यावर भयंकर राग आला.

हा कागद उद्या सकाळी बंबात जाईल, निदान पाणी तरी तापेल. लेकीला मी सांगितलं की मागे बघून बस किती लांब आहे ते नीट पाहिलं आणि मगच वळले. ती खूश झाली. तसं झालं नव्हतं. मी आधी कॅरियरकडे बघितलं, अण्णा. मग बसकडे.