हळू चालवणाऱ्याचा पट्टा

मामू, क्लचचा पट्टा कसा बघायचा ते तुम्ही मला शिकवलंत, पण बघून झाल्यावर मालकासमोर तोंड कसं उघडायचं ते न शिकवताच गेलात, आणि त्याचा त्रास आता मी भोगतेय. वेळ नव्हता असंही नाही. माझ्या चपातीला नावं ठेवायला तुम्हाला रोज वेळ होता. पाना जागेवर नाही म्हणून अर्धी दुपार बडबडायला वेळ होता. मला तर तुम्ही गावाहून आणलंत ते शेडमधल्या माणसांचं जेवण करायला. माझा हात लहान, क्लचच्या कव्हरमध्ये आतपर्यंत जातो, हे तुम्हाला दिसलं तेव्हा मला चुलीवरून उठवून पट्ट्यावर बसवलंत. चौथी पास बाई मी. शिकवायचंच होतं तर पुरतं शिकवायचं होतं.

दुबईतली शेड अजून आहे. रेतीत फिरवायच्या बग्ग्या अजून आपल्याकडेच येतात. तुमच्या वेळी त्या लहान होत्या, आता दणकट आणि माजोरड्या झाल्यात, पण आत तेच, दोन पुल्या आणि मध्ये रबराचा पट्टा. तुमचा भाचेजावई, माझा नवरा, पाठ धरून गावी बसलाय, शेड मी बघते. मालक त्याच घरचा, तेव्हाच्या अरबाबचा मुलगा, आता तोच अरबाब, त्याच्या टुरिस्टांच्या बग्ग्या. आणि त्याच्याकडे एक गाइड आहे, आपल्याच बाजूचा, श्रीवर्धनकडचा. नात्याचा नाही, मावशी समजून मला खाला म्हणतो एवढंच. तीस-बत्तीसचा असेल. बायको आणलीय, पोटुशी आहे, इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत पडदा लावून दोन कुटुंबं राहतात, त्यातल्या पडद्याच्या अलीकडे ही दोघं. आणि हा बाबा बग्गीचे पट्टे जाळतोय. एक जाळला, दुसरा जाळला, मग तिसरा. अरबाब स्वतः आला, खुर्चीवर बसलासुद्धा नाही. म्हणाला, "मशीन का फॉल्ट है या ड्रायव्हर का? एक बात बोलो." ड्रायव्हरचा म्हटलं तर त्याचा व्हिसा खलास, तो आणि ती पोटुशी दोघं घरी. आणि घरी काय आहे ते मला विचारू नका, आपल्या बाजूला काय असतं ते तुम्हाला ठाऊक.

मी आधी मशीनवरच संशय घेतला. माणसावर नंतर घ्यायचा, हे तुमचंच. आधी नाक, मग डोळा, मग बोट, हेही तुमचंच. कव्हर उघडलं तर नाकात जळक्या रबराचा वास. पट्ट्याच्या दोन्ही बाजू काचेसारख्या चकाकत होत्या, आणि एका जागी पट्टा खाल्ल्यासारखा बारीक झाला होता. एकच कड झिजली असती तर म्हटलं असतं पुल्या वाकड्या बसल्यात. तशी नव्हती. पुलीच्या तोंडावरून बोट फिरवलं, खाच नाही, ग्रीसचा ठिपका नाही. स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली, दोघी सारख्या. हवेच्या पाइपात रेती होती, ती कोणाच्या नसते, साफ केली. नवा पट्टा घातला, सुरुवातीला सावकाश, बिनओझ्याची फिरव म्हणून सांगितलं. घेऊन गेला आणि परत तसाच जाळून आणला. वर मलाच म्हणतो, "खाला, माल डुप्लिकेट तर नाही ना आला?"

म्हटलं, "तू ओरिजिनल आहेस का ते बघते आधी. चल, मी बसते शेजारी."

दुपार कलल्यावर गेलो. मी ओढणी डोक्याला घट्ट बांधली. पहिल्या टेकाडाला त्याने गाडी लावली आणि मामू, मला वाटलं हा माझी मस्करी करतोय. मुंगीसारखा चालला होता. गाडी हाय गियरमध्ये, पाय ॲक्सिलेटरवर ठेवल्यासारखा न ठेवल्यासारखा, टेकाड मध्यावर आलं तर गाडी कण्हायला लागली, आणि माझ्या नाकात तोच वास.

"लो गियर कशासाठी दिलाय? लोणच्याला?"

"लो मध्ये आवाज फार करते, खाला. गेस्ट घाबरतात."

"गेस्ट घाबरतात की तू?"

त्याने गाडी उभी केली. म्हणाला, "दुसऱ्या कंपनीची बग्गी उलटली ना, त्याचा व्हिडिओ गावी पोचला. आईने कसम घातली. रोज सकाळी व्हॉइस पाठवते, हळू चालव म्हणून. माझ्या बायकोलापण तिने तेच सांगून पाठवलंय. मी हळूच चालवतो, खाला. तुम्ही कोणालाही विचारा."

कोणाला विचारू. पट्टा सांगतच होता. आपल्याकडे उंबऱ्यातून माणूस निघाला, मग तो होडीवर जावो की दुबईला, पाठीमागून बाई हेच म्हणते, हळू जा. माझी आई मला म्हणाली, मी माझ्या लेकीला म्हणते. त्यात काही चूक नाही. पण त्या बाईने रेती कुठे बघितलीय. रस्त्यावर हळू चालवतो तो शहाणा. रेतीच्या चढावर, चार माणसांचं ओझं घेऊन, हाय गियरमध्ये हळू, म्हणजे पट्टा तव्यावर टाकून विसरायचं. पुली फिरते, चाक हलत नाही, पट्टा मध्ये घसरत राहतो आणि जळतो. पोरगा आईचं ऐकून पट्टे जाळत होता, आणि प्रत्येक पट्टा जळला की आणखी घाबरून आणखी हळू चालवत होता.

मी त्याला तिथेच शिकवलं. प्रेमाने नाही, तुम्ही मला जसं शिकवलंत तसं. "टाक लो. आता दाब. अजून दाब. आईची कसम आहे तर पट्ट्याला पकडू दे, पट्टा तुटला की टेकाडावरून मागे घसरशील, तेव्हा काय सांगशील तिला?" गाडी ओरडली आणि चढून गेली. परत उतरवलं, परत चढवलं. शेडला येऊन कव्हरवर हात ठेवला तर हात ठेवून घेत होतं, चटका नाही. म्हणजे माणूस शिकतो. पण अरबाबला शिकणारा माणूस नकोय, त्याला एक शब्द हवाय.

आणि इथे तुम्ही मला आठवता, चहाच्या वेळचे. आम्ही नवीन आलो होतो. माझा नवरासुद्धा तेव्हा हेच काम करायचा, आणि त्यानेही पट्टे जाळले होते. सकाळी तुम्ही तो पट्टा मला दाखवलात, एका जागी धागे निघाले होते. "बघ," म्हणालात, "गाडी रुतलेली असताना रेस दिलीय. ह्याला पुलीचा दोष म्हणणारा मेकॅनिक नाही, गाढव." दुपारी थोरला अरबाब आला. मी चहा घेऊन उभी आहे. त्यानेही मशीन की ड्रायव्हर हेच विचारलं, आणि तुम्ही मान वरही न करता म्हणालात, "मशीन का फॉल्ट है अरबाब, क्लच में है." साखर दे म्हणावं तसं. तो "यल्ला, ठीक करो" म्हणून गेला. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. चहा गार झालाय म्हणून माझ्यावर खेकसलात. मग नवऱ्याला शेडच्या मागे नेलंत, तो कान लाल करून बाहेर आला आणि पुढे त्याने पट्टा जाळला नाही.

त्या एका वाक्यावर आम्ही इथे राहिलो. लेक इथे झाली, ऊद मेथाच्या शाळेत शिकली. तिला ह्या गाइडचं सांगितलं तर फोनवर म्हणते, "मम्मी, जस्ट टेल हिम द ट्रूथ." तिचा जन्म कशावर उभा आहे ते मी तिला सांगत बसले नाही.

एकच गोष्ट अडते मला. माझा नवरा तुमच्या भाचीचा नवरा, घरचा माणूस. हा माझा कोणी नाही. थोरला अरबाब तुमच्या शब्दावर डोळे मिटून जायचा, कारण तुम्ही खोटं बोलत नाही असं सगळ्या रस्त्यावर म्हणायचे, आणि त्याचा मुलगा त्याच भरवशावर माझ्याकडे येतो. तो भरवसा तुम्ही घरच्या माणसासाठी खर्च केलात, की समोर कोणीही परका असता तरी केला असतात? मी इतकी वर्षं घरच्यासाठी असंच धरून चालले, आणि मनातून जरा मिरवलेसुद्धा. पण ती पोटुशी काल डब्यात सांदण घेऊन आली, शेडच्या दारात उभी राहिली, आत यायला लाजली. सांदण कच्चं होतं. मी सगळं खाल्लं.

हे पत्र जाणार कुठे, तुमच्या कबरीवर टपाल येत नाही. तरी एक सांगून ठेवते. मी त्या बग्गीची चांगली स्प्रिंग काढली आणि नवी घातलीय. जुनीत काही खोट नव्हती. अरबाबने खराब पार्ट मागितला तर दाखवायला ती जुनी टेबलावर ठेवलीय, फडक्यावर, त्याला दिसेल अशी. हातांनी करून झालंय, तोंडाने बोलायचं राहिलंय. तो गुरुवारी असरच्या नमाजनंतर येणार आहे. तुम्ही त्याआधी सांगा. स्वप्नात आलात तर नेहमीसारखे चहाला नावं ठेवून जाऊ नका. घरच्यासाठी की कोणासाठीही, एवढंच. गुरुवारपर्यंत.