यांचा आवाज

५ मार्च, सिंगापूर

पोचलो एकदाचे! चायनाटाऊनमधलं हे जुनं दुमजली घर पाहून मी हरखूनच गेले. हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, फुलाफुलांच्या फरश्या आणि मधोमध छप्पर नसलेली मोकळी जागा; तिथून ऊन थेट जेवणाच्या टेबलापर्यंत येतं. पर्यटकांना भाड्याने द्यायला सगळं नव्याने सजवलंय. अनुजाचा टॅम्पिनीसचा फ्लॅट लांब पडतो, इथून यांचं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. जावई प्रतीक बोटीवर, लेकीला बँकेतली नोकरी आणि त्यात सातवा महिना, तरी तिनेच हे घर शोधलं.

दिवाळीत यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. जन्मभर कॉलेजात शिकवलेला माणूस आता 'पाणी', 'हो' आणि 'मीना' एवढंच बोलतो. इथल्या स्पीच थेरपीवर आमची सगळी भिस्त आहे.

किल्ली देणाऱ्या मिसेस तान म्हणाल्या, दाराजवळच्या जिन्याने वर एक बंद खोली आहे, मालकाचं सामान ठेवलंय, तिकडे जायचं कारण नाही.

८ मार्च

आज हे थेरपीत 'चहा' म्हणाले! स्पष्ट! परतताना हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, आम्ही दोघांनी टोस्ट खाल्ला, कॉफी प्यालो. हे हसले की तोंड एका बाजूला जातं, तरी हसले.

१० मार्च

दुपारी हे झोपले होते. मी कपडे वाळत घालत होते आणि वरून हाक आली, "मीना, चहा टाक गं."

यांचाच आवाज. आजारपणाआधीचा, खणखणीत. मी धावत खोलीत गेले तर हे गाढ झोपेत. मनाचे खेळ, दुसरं काय.

उठल्यावर यांनी तांब्याकडे बोट दाखवलं. तोंड उघडलं, पण 'पाणी' आलं नाही. 'चहा'ही नाही. थेरपिस्ट म्हणाली, असं मागेपुढे होतं, धीर सोडू नका.

११ मार्च

पुन्हा दुपारीच. या वेळी मी जिन्याच्या तळाशी उभी राहून विचारलं, "कोण आहे?"

"अगं, मी. किती दिवसांत बोललो नाही आपण."

मला रडू फुटलं. खरंच, किती दिवसांत! मी पायरीवरच बसले. आमचं लग्न, महाबळेश्वरची थंडी, अनुजाचा जन्म, सगळं सगळं बोललो. वेडेपणा आहे, कळतंय मला. अनुजाला सांगितलं नाही. सांगितलं तर ती आम्हाला इथून हलवेल.

१३ मार्च

यांनी आज चालत्या हाताने माझं मनगट धरलं आणि दाराकडे ओढलं. डोळ्यांत एवढी भीती कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "अहो, काय होतंय?" त्यांना 'मीना'सुद्धा म्हणता आलं नाही. नुसती वाफ.

आणि तेव्हाच वरून, हसत, "मीना, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस."

त्याच्याकडे.

म्हणजे यांचा एकेक शब्द तिकडे गेला, आणि मी बसून ऐकत होते. मजेत.

१४ मार्च

निघायचं ठरवलं. अनुजाला फोन केला. तिने विचारलं काय झालं, तर मला शब्दच सुचेनात. घर म्हणायचं होतं, भलतंच काही बोलले. ती म्हणाली, आई, तू दमलीयस, उद्या येते न्यायला.

हे उठेनासे झालेत. एकटीने उचलवत नाहीत. बाहेर जाऊन शेजाऱ्याला हात जोडले — सांगता आलं नाही — त्याने पाण्याची बाटली दिली.

वर आता दोन आवाज. एक यांचा. दुसरा —

माझा.

१५ मार्च

तोंडातून नुसती हवा. लिहिताना शब्द अजून येतात. थोडे.

अनुजाचा फोन. मी तोंड उघडलं — आणि वरून मीच बोलले. "ये गं बाळा. बाबा किती छान बोलायला लागलेत! सरळ वरच ये." फोनमध्ये अनुजा रडली. आनंदाने.

तिला भूल पडणार. मलाही पडली होती.

जिन्याखाली बसलेय. हे पान तिच्यासमोर धरेन. मोठ्या अक्षरांत.

दार वाजलं — तिच्याकडे किल्ली — वरून दोघंही हाका मारतायत —

लवकर. एकच शब्द राहिला. आपण हात हलवून अडवतो तेव्हाचा तो — आत्ता होता — गेला — तो गेला —

अनुजा, वर जा —