लाल दोऱ्याची केबल

वस्ताद, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला, तुमच्यावर तेवढा घेतला नव्हता. आता घेतोय, म्हणून लिहायला बसलो. उद्या खंडेनवमी. दुपारीच दुकानातली हत्यारं पुसून पाटावर मांडली आहेत. पकड, सोल्डरगन, मीटर, तुमचा तो जुना जाड माइक. दरवर्षी या सगळ्यांच्या मधोमध तुमची केबल ठेवतो, तिला हळदकुंकू लावतो. यंदा ती अजून हातात आहे आणि पाटावर ठेवावी की नाही, तेच ठरत नाही.

संशयाची ही खोड तुम्हीच लावलेली. माधवनगरच्या गिरणीतलं काम सुटल्यावर मी सांगलीला तुमच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात आलो, तेव्हा चांगला तेवीस वर्षांचा होतो आणि समोरचा सांगेल ते खरं मानायचो. तुम्ही पहिल्याच आठवड्यात ते मोडून काढलंत. मी केलेली पहिली केबल तुम्ही हातात घेतली, टोकाचा प्लग धरून एक हिसका दिला आणि तार निघून आली. दोन्ही प्लग कापून माझ्या पुढ्यात ठेवलेत. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "हातावर इश्वास ठिवू नगं. मीटर काय म्हनतो ते बग." तेव्हापासून मी सगळ्यालाच मीटर लावत आलोय. दूधवाल्याचं माप बघतो, डॉक्टरांनी दिलेली गोळी पाकिटावरच्या नावाशी ताडून बघतो. बायको म्हणते, हे प्रसादाचा पेढासुद्धा उजेडात धरून बघतील.

फक्त एकदा तो मीटर मी तुमच्या केबलीला लावायला गेलो होतो. आठवतं का? सांगलीतलंच लग्न होतं, मांडवात मी एकेक केबल तपासत होतो, एका टोकाची पहिली पिन दुसऱ्या टोकाच्या पहिलीला, दुसरी दुसरीला, तिसरी तिसरीला, जसं तुम्ही शिकवलेलं. तुमच्या हातची, लाल दोरा बांधलेली ती केबल उचलली आणि तुम्ही मीटर माझ्या हातातून हिसकावून घेतलात. "मला तपासतोस व्हय रं?" एवढंच म्हणालात. मांडवातले आचारीसुद्धा वळून बघायला लागले. मला इतकी लाज वाटली की जेवायलाही बसलो नाही. त्यानंतर त्या केबलीला मी कधी मीटर लावला नाही. तुम्ही आजारी पडलात, मी दवाखान्यात भेटायला आलो, तेव्हा तुम्ही उशाखालून तीच केबल काढून मला दिलीत. तुमचा आवाज फार बसला होता. म्हणालात, "ही संबाळ. दुसऱ्या केबलींत मिसळू नगंस." मला वाटलं, गुरूची खूण आहे, जपायला सांगतायत. म्हणून ती मी पूजेत ठेवायला लागलो.

गेल्या महिन्यात साताऱ्याचं एक काम आलं. आटपाडीकडचे एक म्हातारे धनगर, जन्मभर मेंढरांमागे ओव्या गात हिंडलेले, त्यांचं गाणं एका सभागृहात ठेवलं होतं आणि ते ध्वनिमुद्रितही करायचं होतं. बाबांचं वय एवढं की असा योग परत येईल याची खात्री कुणालाच नव्हती. माझ्या जुन्या केबली जागोजागी चेपलेल्या. बाजारातल्या तयार केबलीवर माझा विश्वास नाही, आणि आता डोळ्यांमुळे बारीक सोल्डर मला जमत नाही. कुणीतरी सांगितलं, माधवनगरला एक बाई मापाप्रमाणे करून देतात. लग्नाआधी शिरवळच्या कारखान्यात हेच काम करायच्या. गेलो. बघतो तर काम चालतं स्वयंपाकघरात. ओट्याच्या एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला सोल्डरगन, मधे फरशीचा हातभर तुकडा. माझ्या मनात लगेच आलं, इथं फोडणीचं तेल उडणार, धूर बसणार, सांधे कच्चे राहणार. ताई तिशीच्या असतील. त्यांच्या सासूबाई दारात लसूण सोलत बसलेल्या. मी तुमची केबल काढून दिली आणि सांगितलं, हा नमुना, अगदी अशाच आठ हव्यात.

चार दिवसांनी आणायला गेलो तर आठ केबली वेटोळी करून, लांबीच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या. मी तिथंच मीटर काढला. आठही सरळ. पहिली पहिलीला, दुसरी दुसरीला, तिसरी तिसरीला. हिसके देऊन बघितले, एकही सांधा हलला नाही. खोट सापडली नाही याचाच मला राग येत होता. मग त्या तुमची केबल हातात देत म्हणाल्या, "काका, नमुना उलटा हाय. एका टोकाला दुसरी आन् तिसरी पिन आदलाबदल केलीया. मी सरळच केल्या. ही ह्यांच्यात मिसळू नगासा. दोरा त्यासाठीच बांदला आसंल."

त्यांचं ऐकून घ्यायला काय हरकत होती? पण मला वाटलं, ही कालची पोर माझ्या वस्तादांना शिकवतेय. किंवा आतली चांगली तार काढून घेतली असेल आणि आता ही सारवासारव चाललीय. मी म्हटलं, तो पूजेचा दोरा आहे, आणि कारखान्यात चार सांधे मारले म्हणून कुणी वस्ताद होत नाही. सासूबाईंसमोर म्हटलं. कुकरची शिट्टी झाली, ताई गॅस बारीक करायला वळल्या आणि मी पिशवी उचलून निघालो.

साताऱ्याला दुपारी तालीम होती. बाबा गाताना मान डोलवतात, एका माइकवरून आवाज निसटतो, म्हणून त्यांच्यापुढं दोन माइक शेजारी शेजारी लावले. एकाला नवी केबल जोडली, दुसऱ्याला शुभ म्हणून तुमची. आधी दोन्ही एकेक करून ऐकले, आवाज चोख. मग दोन्ही एकदम चालू केले आणि बाबांनी ओवी धरली. स्पीकरमधून आला तो एक पोकळ, पातळ आवाज, जणू कुणी पत्र्याच्या पिंपात तोंड घालून बोलतंय. बाबा थांबले. पुन्हा धरली, पुन्हा तेच. ते स्पीकरकडे बघत राहिले, मग मांडीवरची घोंगडी घडी करायला लागले. "माजा आवाज ग्येला, लेकरांनू," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आता." त्यांच्या मागे ढोल घेऊन बसलेल्यांनी माना खाली घातल्या.

मी सगळ्यांवर संशय घेतला. सभागृहाच्या वायरिंगवर, माइकवर, मिक्सरवर, आणि सगळ्यात जास्त त्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. ताईंची केबल काढून दुसरी लावली, तेच. तिसरी लावली, तेच. बाबा उठून उभे राहिले होते. आता एकच केबल बदलायची उरली होती, आणि वस्ताद, तिला हात लावताना माझ्या कानात तुमचं ते "मला तपासतोस व्हय रं?" वाजत होतं. तुमची केबल काढली, तिच्या जागी ताईंची लावली, आणि बाबांना हात जोडून म्हटलं, एकदाच म्हणा. ते उभ्यानंच गायले. आवाज असा भरून आला की त्यांनी स्वतःच गळ्याला हात लावून बघितला. मग खाली बसले आणि दोन तास उठले नाहीत.

इथवर सगळं ठीक आहे. पुढचं सांगायला जड जातंय. कार्यक्रम ठेवणाऱ्या गृहस्थांना सकाळी मीच ताईंचा नंबर दिला होता, त्यांच्या सभागृहाला तशा वीसेक केबली हव्या होत्या. त्यांनी विचारलं, मघाशी काय बिघडलं होतं? तुमची केबल तेव्हा माझ्या हातात होती. मी म्हटलं, नवी केबल होती, सोल्डर कच्चा निघाला. ते म्हणाले, बरं झालं आधीच कळलं, आणि माझ्यासमोर त्यांनी तो नंबर फोनमधून काढून टाकला.

आज तुमच्या केबलीला मीटर लावला. दुसरी तिसरीला, तिसरी दुसरीला. म्हणजे साताऱ्यात तिच्यातून येणारा आवाज उलटा होऊन शेजारच्या माइकचा आवाज खोडत होता. मग एकेक आठवत गेलं. तुमच्या दोन मिक्सरांपैकी जुना परदेशी होता, त्याच्या पिना आपल्या हिशेबानं उलट्या. मोठ्या कार्यक्रमात दोन्ही मिक्सर एकत्र जोडताना मधे हीच केबल असायची, आणि ती नेहमी तुम्ही स्वतः लावायचात. तो दोरा पूजेत बांधलेला मला आठवत नाही. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. मग त्या मांडवात एका वाक्यात सांगितलं असतंत तर काय झालं असतं? मला फार राग आलाय तुमचा. हातचं राखून शिकवलंत का मला, मी वेगळं दुकान टाकीन या भीतीनं? की शेवटी दवाखान्यात तेच सांगत होतात आणि तेवढा दम उरला नव्हता? ताईंनी तुमचेच शब्द उच्चारले, मिसळू नका म्हणून, आणि मी त्यांच्याशी तसाच वागलो जसे तुम्ही माझ्याशी वागला होतात. फरक एवढाच की तुम्ही माझ्या पोटावर पाय दिला नव्हता.

दिवे लागायची वेळ झाली. केबल पाटावर ठेवली आहे, पण मधोमध नाही, कडेला, मीटरच्या शेजारी. हे पत्र पाटाखालीच राहील. माधवनगर इथून सायकलवर वीस मिनिटं, आणि साताऱ्याला तर नुसता फोन करायचा आहे. सकाळपासून तीनदा नंबर काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. खरं सांगतो वस्ताद, तुम्हाला लिहिलं कारण तुम्ही काही विचारणार नाही.