हवा काढायचा पंप

१२ जून ८८, परभणी

हसू नकोस. पुढं कधी तू ही वही उघडशील, जो कोण असशील तो, आधी हसणं बंद कर. पिशवीतली हवा काढून टाकणं हे काम मला कथा लिहिण्यापेक्षा हलकं वाटत नाही. तुला वाटत असंल तर तुझं तू बघ.

प्रश्न साधा आहे. मायनं गावाकडून चान्या दिल्यात, उन्हात दोरीवर वाळवलेल्या मटनाच्या पट्ट्या. तीन महिने पुरतील एवढ्या. पावसाळ्यात ओल धरली की बुरशी. आणि वास. खाली घरमालकीण काकू, माळकरी घर. अंडंसुद्धा चालत नाही, पहिल्याच दिवशी सांगितलं. आडनाव विचारलं तेव्हा मी "देवगावकर" म्हणालो. गाव देवगाव आहेच, म्हणजे पूर्ण खोटं नाही. खंदारे सांगितलं की खोली "कालच दिली" असते. तीनदा झालंय.

इथं टेबल आहे. खिडकी आहे. जन्मात पहिल्यांदा माझं टेबल. पुस्तक निम्म्यावर आलंय. खोली गेली की पुस्तक गेलं. म्हणून हवा काढायचीच.

१४ जून

फरसाणवाल्याकडचं पिशवी चिकटवायचं मशीन पाह्यलं. दाबलं की दिवा लागतो, तोंड बंद. पण हवा आतच. नुसतं तोंड बंद करून काय होतंय? शिवाय ऐपतीबाहेर. बाद.

दुसरा उपाय: रिकामी रिफील पिशवीत घालून तोंडानं ओढणे. केलं. घशात चान्यांची पूड. खालून काकू, "काय झालं हो देवगावकर?"

"काही नाही, ठसका."

तिसरा: सायकलचा पंप. तो हवा भरतो. उलटा केला तर?

१५ जून

चौकातले सलीमभाई, सायकलवाले.

"पंप हवा भरनेकू रहता शायर. तेरेकू निकालना हय?"

"आतला वायसर उलटा घातला तर?"

"फिर हवा अंदर खींचता. किस काम का?"

"मला तेच पाहिजे."

"लिख लिखके दिमाग पंचर हुआ तेरा."

तरी घातला. वायसर म्हणजे चामड्याची वाटी, तिचं तोंड खाली होतं ते वर केलं. नळीला अंगठा लावून दांडा ओढला. अंगठा चिकटला! सलीमभाईनं स्वतःचा लावून बघितला, मग पंचर काढायला आलेल्या एका मास्तरांचा धरून लावला. जुना पंप देऊन टाकला मला. घरी आणून मशीनचं तेल पुसलं, खोबरेल लावलं. खाण्याचं काम आहे.

१६ जून

कृती ठरली. जाड पिशवी घ्यायची, पातळ नको. नळी आत, पिशवीचं तोंड मुठीत गच्च. आठ वेळा ओढायचं. पिशवी चान्यांना अशी बसते की एकेक रेघ दिसते. पीळ द्यायचा, नळी सर्रकन् काढायची, पिळाच्या वर तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि मेणबत्तीवरून फिरवायचं. हळू फिरवलं की भोक.

वास घेतला. काही नाही. ट्रंकेत ठेवली, ट्रंकेवर बसून दोन पानं लिहिली. लय भारी पानं.

१७ जून

सकाळी पिशवी ढिली. चान्यांची टोकं सुईसारखी, टोचलंय. मग साभार परत आलेल्या कथेच्या पानांत गुंडाळून भरल्या, कोरी बाजू आत. त्या कथेची एवढी तरी सोय लागली.

२५ जून

आठ दिवस झाले, पिशवी दगडासारखी कडक. जिंकलो.

आज काकू वर आल्या, खटाखट आवाज कशाचा म्हणून. शेंगदाण्यांवर करून दाखवलं. बघतच राहिल्या.

"आमच्या सुमीला नागपूरला शेवया पाठवते, दरसाली किडे होतात हो. आत काय चामडं हाय का?"

"आहे. पण ते पदार्थाला लागत नाही."

काकूंनी थोडा विचार केला. "मंग चालतंय. पंपातलं चामडं चालतंय."

दांडा ओढणारा हात कोणाचा, ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

४ जुलै

काकूंच्या शेवया झाल्या, खारोड्या, मेतकूट. शेजारणीही डबे घेऊन यायल्या. गल्लीत माझं नाव पंपवाले सर. मजा यायलीय, खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी काका, म्हणजे काकूंचे मालक, ओट्यावर पेपर वाचत होते. "विद्यापीठाच्या नामांतराचं पुन्हा तापायलंय. तुमचं काय मत, देवगावकर?"

मी म्हणालो, लिहिणाऱ्याला मत नसतं.

काका खूश. मी वर आलो. हे वाक्य माझ्या तोंडात कुठून...

एक ओळ लिहून झाली नाही.

१० जुलै

माय आली, न सांगता. मी नळावर पाणी भरायला गेलेलो. काकूंनीच दार उघडलं, बसवलं, चहा दिला. बादल्या घेऊन आलो तेव्हा दारातनं ऐकलं.

"तुमचं मूळचं आडनाव पण देवगावकरच का हो?"

माझी माय पाटलाच्या दारात उभी राहून मोठ्यानं जय भीम घालते. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. म्हणाली, "हो तर. देवगावकरच. पह्यल्यापासून."

कुठं अडखळली नाही.

वर आल्यावर टेबलावरून हात फिरवला. "टेबल लय चांगला हाय रं."

"माय, मी तुला काही सांगितलं नव्हतं. तू कशाला असं..."

"सांगायला कशाला लागतंय? डोळे हाइत की मला." मग पंप उचलून बघितला. "ह्यानं वास जातोय?"

"जातोय."

"पुरा?"

"पुरा."

"बरं झालं."

नव्या चान्या आणल्या होत्या. पिशवीतनं काढल्याच नाहीत. "ऱ्हाऊ दे. घरी येशील तवा खा. उगं कशाला एवढी हवा ओढायलास."

चारच्या गाडीनं परत घेऊन गेली.

११ जुलै

पुस्तक: काही नाही.

१३ जुलै

काही नाही. टेबल पुसलं दोनदा. काकूंनी हाक मारली की "ओ" देतो, त्या नावाला. इतक्या पटकन् ओ देतो!

१६ जुलै, देवगाव फाट्याच्या एस.टी.त, अक्षर हलायलंय

सकाळी काकू खारीक-खोबऱ्याचं कूट घेऊन आल्या. सुमीला दिवस गेलेत, नागपूरला पाठवायचं. "तेवढं बांधून द्या देवगावकर."

आज मी ओढलं नाही. पंप त्यांच्या हातात दिला, शिकवलं. इथं धरा, ओढा, आता पीळ. पहिल्याच खेपेला जमलं. लहान पोरीसारख्या हसल्या. सलीमभाईचं दुकान सांगून ठेवलं, वायसर झिजला तर.

मग सांगितलं. खालच्या आवाजात नाही, नेहमीच्या.

"काकू, हा पंप मी मटनाच्या चान्यांसाठी केला. महिना झाला, तुमच्या डोक्यावरच्या खोलीत ट्रंकेत आहेत. माझं आडनाव खंदारे. माय खोटं बोलली ती माझ्यापायी, तिला असं बोलायची सवय नाही. तुमच्या शेवयांची हवा याच पंपानं, याच हातांनी काढलीय. नामांतराचं काका विचारत होते. व्हायला पाहिजे, असं माझं मत आहे. त्यांना सांगा."

कुटाची पिशवी त्यांच्या हातात तशीच, तोंड अजून मेणबत्तीवर धरायचं राहिलेलं. बोटं सुटली नव्हती पिळावरची. माझ्याकडं बघितलं.

मी चपला अडकवल्या. सोमवारी परत येतोय, राहायलाच, एवढं जिन्यातनं ओरडून सांगितलं आणि फाटकाबाहेर पडलो.