हेकरूच्या दिवशी मला कोणी काढले

मी आकाराम बापू जाधव, वय एकाहत्तर, निवृत्त सुभेदार, राहणार उंब्रज, तालुका कराड. डॉक्टरांनी तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. एका गोष्टीपुरते ते ठिकाणावर नाही, ती पुढे येईल. बाकी सर्व राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहितो.

राहते घर, पेन्शनीतून साठलेली शिल्लक आणि दोन म्हशी पत्नी बयाबाई हिच्या. तिच्या पश्चात सर्व मुलगी संयोगिता हिचे. जावई वीरधवल यांना माझ्या गळाच्या सामानातले काही देऊ नये. त्यांनी भरल्या ताटावर हेकरूला चिलापी, म्हणजे धरणातला स्वस्त मासा, म्हटले होते.

हेकरू म्हणजे समुद्राच्या तळाशी, खडकांच्या कपारीत राहणारा जाड ओठांचा मासा. अंदमानात नोकरीला असताना मी तो गळाने धरायला शिकलो. गळ लागला की हा गडी थेट बिळात घुसतो. दोरी ढिली पडली की गेला. त्याच्या कालवणासाठी मी दर हिवाळ्यात कुंभार्ली घाट उतरून गुहागरकडे जात आलो.

आता वाटणीतल्या बांधालगतच्या पट्टीबद्दल. तिच्यावरून धाकटा भाऊ शंभूराज आणि मी बारा वर्षे बोललो नाही. गेल्या हिवाळ्यात माझा मित्र लालासाहेब याने आम्हा दोघांनाही, एकमेकांना न सांगता, गुहागरला नेले. शंभूला पाहून मी लांबच्या खडकावर जाऊन बसलो. तो वाळूवर पाठ फिरवून बसला.

दुपारी हेकरू लागला. मी दोरी हाताला गुंडाळून ओढू लागलो आणि लाटेने मला खडकावरून उचलले. पुढचे आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी वाळूवर होतो, हेकरू दोरीला तसाच होता आणि शंभू माझे तळहात चोळत होता.

"दादा, आरं बोल की!"

मी लालासाहेबाचे आभार मानले, तर तो म्हणाला, "मी न्हाई गड्या. शंभूनं काढलं तुला."

शंभू म्हणाला, "मला कुठं पवायला येतं? ह्यानंच काढलं."

दोघेही नखशिखान्त भिजलेले होते.

संध्याकाळी तो हेकरू आम्ही तिघांनी एका ताटात खाल्ला. चव मला सांगता येणार नाही. मी सारखा दोघांची तोंडे बघत होतो. त्यानंतर कितीदा तरी विचारले, उत्तर तेच. बयाबाई म्हणते, "आवं, पवायला येत न्हाई त्यानंच आदी उडी टाकली आसंल. मग लालाभावजींनी दोगास्नीबी काढलं आसंल." तसे असेल तर शंभूने मला वाचवले की तो स्वतःच बुडत होता? आणि बारा वर्षे न बोलणारा माणूस पाण्यात का शिरतो?

वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात शंका ठेवू नये. म्हणून कारण न लिहिता लिहितो: बांधालगतची पट्टी शंभूराजची. गळ, रिळे आणि मोटारसायकल लालासाहेबाची. घेताना दोघांनी "त्याला द्या" म्हणून एकमेकांवर ढकलू नये. ढकलल्यास दोन्ही वाटे दोघांचे सामाईक होतील आणि मग भांडत बसावे.

अंमलबजावणी बयाबाईने करावी. तिला फसवता येत नाही.

शेवटचे. माझ्यामागे त्या दोघांना त्या दिवसाबद्दल कोणी विचारू नये. परवा मी अखेरचे विचारले तेव्हा शंभू बाहेर निघून गेला आणि लालासाहेब त्याच्या मागे गेला. पडवीच्या पायरीवर दोघे शेजारी बसून रडत होते. कशासाठी, ते मला अजून कळलेले नाही.

वाचून पाहिले, बरोबर आहे म्हणून सही केली.

आकाराम बापू जाधव

आमच्यादेखत सही झाली:
धोंडिराम सखाराम कांबळे
कुणाल तानाजी माने

उंब्रज, जि. सातारा
९ डिसेंबर २०२४