कॅनडासाठी पन्नास गुण

४ जानेवारी १९७०, रविवार. भोर.
आजपासून रोजनिशी. निर्णय पक्का: कॅनडाला जायचं. पुण्याहून पुस्तिका आणली. तिथं वशिला चालत नाही, माणसाचे गुण मोजतात. शंभरात पन्नास पडले की व्हिसा. अठरा वर्षं मी इथं नकाशे काढतोय आणि अजून ज्युनिअर ड्राफ्ट्समनच. गुणांची कदर करणारा देश पृथ्वीवर आहे हे मला कुणी सांगितलंच नाही! सौदामिनीला, म्हणजे हिला, सांगितलं. ही सरकारी दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, जेवून घ्या, भाकरी गार होतेय.

५ जानेवारी
गुण मोजले. शाळेत काढलेल्या प्रत्येक वर्षाला एक गुण. मॅट्रिकला मी तीनदा बसलो, म्हणजे दोन गुण जास्तच. त्या वेळी वडिलांनी बदडलं होतं. आज असते तर पेढे वाटले असते. व्यक्तिमत्त्व: पंधरापैकी पंधरा. ही म्हणाली, ते मुलाखतीत साहेब ठरवणार ना? म्हटलं, साहेबाला डोळे असतीलच की. एकूण त्रेसष्ट.

१८ जानेवारी
वयाची भानगड. पस्तिशीनंतर दर वर्षाला एक गुण कापतात. दाखल्यावर जन्म १ जून १९३०, म्हणजे चाळिशी आली. पण आमच्या वर्गात एकतीस पोरं १ जूनचीच होती. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, हेडमास्तर शाळेच्या सोयीनं टाकायचे. मला लवकर पहिलीत बसवायला चार वर्षं वाढवली असणार. आरशात नीट बघितलं. छत्तीसच.
पुरावा: भोंगवलीची साळूआत्या. माझ्या जन्माच्या वेळी तीच घरात होती.

२ फेब्रुवारी, सोमवार
 आत्याला एस.टी.नं आणलं. कापूरहोळला भजी चारली, दोनदा चहा पाजला. पढवलं की चौतीस साल म्हणायचं. म्हणाली, व्हय बाबा, ध्येनात हाय. कचेरीत मामलेदारांनी एवढंच विचारलं, आजी, खरं काय ते सांगा. झालं! आत्या म्हणाली, आमचा गंगाधर व्हय? भाटघरचं धरान झालं त्या साली जल्मला. बारा दिसाचा व्हता, तरी बघाया न्हेला. लई रडला, लोकं धरान सोडून ह्यालाच बघाया लागली.
क्लार्कनं १९२८ लिहिलं, शिक्का मारला. बेचाळीस! म्हणजे हेडमास्तरांनी दोन वर्षं कमीच लावली होती. देवमाणूस. आणि रक्ताच्या आत्यानं, माझीच भजी खाऊन, माझा गळा कापला. वर म्हणते, गंगू, परतीचं तिकीट काढ रं.

१५ मार्च
वयाची भरपाई: फ्रेंच. पाच गुण. पुण्याहून जुनं पुस्तक आणलं. रोज वीस शब्द. रविवारी चाळीस.

२९ मार्च
एकूण अकरा शब्द. ऊन फार आहे. मी मोठ्यानं वाचतो, ही भाकऱ्या थापता थापता चुका काढते. कामावर जाताना पुस्तक पिशवीत टाकून नेते. मला सराव कसा व्हायचा?

९ जुलै. मुंबई.
मुलाखत. साहेब सभ्य. फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मी हसलो. प्रश्न हसण्यासारखा असावा असं वाटलं. शेजारी बसलेल्या हिनं उत्तर दिलं! साहेबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली ती वळवलीच. बाळंतपणं किती केलीत, कुठं केलीत. ही म्हणाली, वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांत जाऊन दोनशेच्या वर. मी मध्ये व्यक्तिमत्त्व दाखवायला गेलो, तर साहेब म्हणाले, वन मोमेंट. माझा मोमेंट शेवटपर्यंत आला नाही.

१ ऑगस्ट
पत्र आलं. एकेचाळीस. व्यक्तिमत्त्व: चार! साहेबानंही दगा दिला. खाली एक ओळ, तुमच्या पत्नीनं स्वतंत्र अर्ज करावा. थोडा वेळ राग आला. मग उलगडलं. संसार एकच, अर्ज कुणाच्या का नावावर असेना. फॉर्म मीच आणून दिला. मन मोठं लागतं.

२० ऑगस्ट
हिनं सह्यांचे कागद पुढे केले. इंग्रजी, सात पानं. कुटुंबप्रमुख म्हणून सही ठोकली. वाचत बसणं बरं दिसत नाही, बायकोवर भरवसा नाही असं वाटतं.

१२ नोव्हेंबर
व्हिसा आला! हिचे गुण अडुसष्ट. अर्थात फ्रेंचचं पुस्तक माझंच. लिफाफ्यात एकच व्हिसा आहे. नवऱ्यांचे वेगळ्या टपालानं येत असावेत. राजीनामा दिला. शिपाई रामभाऊ रडला. निदान डोळे तरी पुसले.

२८ नोव्हेंबर
टपाल नाही. पोस्टमन आता मला बघून सायकल वळवतो.

३० नोव्हेंबर
आज विचारलं. ही डबे पुसत होती. म्हणाली, सोबत कोण या रकान्यात मी कोणी नाही असं लिहिलंय. तुम्ही सही केलीत ते संमतीपत्र होतं. मी एकटी चाललेय.
 का म्हणून विचारलं. म्हणाली, मला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलची नेमणुकीची ऑर्डर आली होती, ती तुम्ही चुलीत घातलीत. त्या दिवशीच मी मनानं निघाले होते. मला तर ती ऑर्डर आठवतही नाही! तेवढ्यावरून नऊ वर्षांचा संसार मोडतात? ओरडलो. मग रडलो. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा डबे पुसायला बसली. आत्या परवडली.

४ डिसेंबर
हिची बोट परवा. सकाळी नवी नर्स धोंडाबाई क्वार्टर बघायला आली. क्वार्टर दवाखान्याचं, हिच्या नोकरीवर मिळालेलं, हे माझ्या डोक्यातून गेलंच होतं. बाईनं खिडक्या उघडून बघितल्या, मोरी बघितली, मग कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे बघितलं. मी जरा ताठ बसलो. हिनं ओळख करून दिली. म्हणाली, हे आमचे मिस्टर, उद्या सकाळच्या गाडीनं भोंगवलीला आत्याकडे राहायला चाललेत.
मलाही तेव्हाच कळलं.