दीपमालाबाईंची सही

मी, सांडू विठोबा गाडेकर, वय ७१, निवृत्त टंकलेखक, राहणार सिडको एन-९, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतः टाईप करत आहे. डोकं ठिकाणावर आहे. एकदाच फिरलं होतं, ते कलम तीनमध्ये येईल.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पुतण्या शिवराज याला. दारातला कढीपत्ता त्यानं तोडू नये.

२. तेराव्याला बुंदी नको. दुसऱ्यांच्या लग्नात लई खाल्ली.

३. टाईपरायटर खरं तर दीपमालाबाईंना द्यायचा होता. १९७५ साली औरंगपुऱ्यातल्या इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी मला याच मशीनवर शिकवलं. मी पाचोडहून यायचो. जीव असा जडला की काय सांगू! पास झालो की क्लास सुटणार, म्हणून सहा परीक्षांना मुद्दाम नापास झालो. वडील म्हणायचे, “लेका, बोटं हायत का मुसळं?” शेवटी धीर करून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “माझं लग्न ठरलंय, सांडूभाऊ.” पुढच्या परीक्षेत पास झालो. त्यांच्या दारात पुन्हा गेलो नाही, दुसरीकडं लग्नही केलं नाही. इन्स्टिट्यूट बंद झाली तेव्हा हे मशीन तेवढं घरी आणलं. बाईंवर राग नाही. त्या ‘भाऊ’चा मात्र अजून आहे.

४. वकील राजनंदिनीताई म्हणाल्या, “काका, ज्यांना काही द्यायचं, त्यांची साक्ष घेऊ नका. एक काय ते ठरवा.” ठरवलं. बाईंना काहीच देत नाही. टाईपरायटरही शिवराजलाच, भंगारात घातलास तर याद राख. माझं आणि बाईंचं नाव एकदा तरी एका कागदावर यावं, एवढीच इच्छा आहे. मशीन दुरुस्त करणाऱ्या युसूफभाईंच्या हाती त्यांना साक्षीला येण्याचा निरोप धाडलाय. येतील का नाही, देव जाणे. नाही आल्या तर त्यांची जागा कोरीच ठेवा. मृत्युपत्र कच्चं राहिलं तरी चालेल, नाहीतरी सगळं शिवराजलाच जायचंय.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: (सही) सांडू विठोबा गाडेकर

दोघांनी एकमेकांसमक्ष व माझ्यासमक्ष सही केली ते साक्षीदार:

१. (सही) युसूफ इब्राहिम शेख, टाईपरायटर दुरुस्ती, सिटी चौक

२. (सही) दीपमाला साळवे, निवृत्त टंकलेखन शिक्षिका

(सहीखाली बाईंनी पेनानं लिहिलेलं:)
पान तपासलं. एकही चूक नाही. त्या सहाही वेळा तुम्ही मुद्दाम चुकत होता, हे मला तेव्हाच कळलं होतं, सांडूराव.